पोराच्या हातात फोन: गावाकडच्या मायबापासाठी इंटरनेट सेफ्टी, पायरी पायरीनं

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या रस्त्यावर माझं छोटं दुकान आहे, रिचार्ज, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि फोनची थोडीफार दुरुस्ती. घरी दोन लेकरं, मुलगी सातवीत आणि पोरगा अकरावीत. दोघांचे फोन मीच सेट केले, बाजाराच्या दिवशी दुकानात येणाऱ्या मायबापांचेही करून देतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

या विषयावर नेटवर जे सापडते ते बहुतेक शहरातल्या घरासाठी लिहिलेलं राहते. पोराचा वेगळा टॅब, घरात वायफाय, मायबाप दोघंही इंग्रजी वाचणारे. आपल्याकडे फोन एकच, तो बापाचा, त्यातच फोनपे, बँकेचा ओटीपी, आधार, पीएम किसानचा मेसेज, आणि सांजच्याला बाप वावरातून आला की तोच फोन पोराच्या हातात. दिवसभर वेचणीला गेलेल्या मायला पोट्टं फोनवर काय पाहून राहिलं ते कळणार कसं? तर हे त्या घरांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. सेटिंग एका संध्याकाळी होऊन जातात, त्यात काही मोठं नाही. खरी अडचण ही की पोरगं फसलं तरी घरी सांगत नाही, कारण सांगितलं की पहिले मार आणि मग फोन जप्त. समोरच्या बदमाशाला हे पक्कं माहीत राहते, त्याचा धंदाच त्यावर चालते. म्हणून खालच्या पायऱ्या करायच्या आधी पोराला समोर बसवून एवढं म्हणा की काहीही झालं, चूक तुझी असली तरी, मला सांगितलंस म्हणून फोन हिसकणार नाही. आणि मग तो शब्द पाळा.

काय काय लागेल

- मायबापापैकी एकाचा फोन आणि त्याच्यातला जीमेल, पासवर्डसकट. पासवर्ड आठवत नसेल तर आधी रिकव्हर करून घ्या, हेच काम जास्त वेळ खाते
- पोराची खरी जन्मतारीख, दाखल्यावरची
- पोराचा वेगळा फोन असेल तर तो, चार्ज केलेला
- तासभर चांगली रेंज, लाईट जायच्या आत
- एक वही. पासवर्ड, जीमेल आणि शेवटी दिलेले नंबर लिहायला. वही पेटीत ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका
- बँकेचं पासबुक, कस्टमर केअरचा नंबर त्याच्यावरूनच घ्यायचा

सेटिंगची नावं कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात. सापडलं नाही तर सेटिंग उघडून वरच्या शोध पट्टीत नाव टाका.

१. आधी ठरवा, फोन कोणाचा आहे

घराघरात तीन प्रकार दिसतात. एक, फोन बापाचा आणि पोरगा मधेमधे घेते. दोन, जुना फोन पोराला देऊन टाकला. तीन, पोरगा किंवा पोरगी तालुक्याला, यवतमाळ-अमरावतीला होस्टेलवर आहे आणि फोन तिच्याजवळच. पहिल्या प्रकाराला पायरी २ महत्त्वाची, दुसऱ्याला पायरी ३. तिसऱ्याला सेटिंग कमीच कामात येतात, तिथं पायरी ६, ७ आणि ८ पोरासोबत बसून वाचा.

२. घरचा एकच फोन असेल तर: पैसे आणि पोरगं वेगळं करा

या पायरीत घाई करू नका.

सगळ्यात आधी यूपीआय लाईट. खूप जणांच्या फोनमध्ये हे चालू राहते आणि त्यांना माहीतही नसते, ॲपनंच कधीतरी विचारलं आणि यांनी हो म्हटलं. लाईटमधून छोटी रक्कम जायला यूपीआय पिन लागतच नाही. ज्या फोनला पोराचा हात लागते त्यात लाईट बंद करा, उरलेले पैसे खात्यात परत येतात.

मग ऑटोपे. एक मावशी फोन घेऊन आल्या, "बापू, याले पाहा ना, आपोआपच पैसे कटून राहिले." फोन बिघडला नव्हता. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडलं तर आत एक फोटो सजवायचं ॲप, एक राशिभविष्य आणि एक व्हिडिओचं ॲप, तिन्ही नातवानं एक रुपयात ट्रायल म्हणून चालू केलेले. ऑटोपे एकदा पिन टाकून मंजूर झालं की पुढच्या छोट्या हप्त्यांना पिन मागत नाही, पैसे आपोआप जातात. ॲप डिलीट केलं तरी ऑटोपे बंद होत नाही, ते यूपीआय ॲपमध्ये जाऊन वेगळं कॅन्सल करा. ज्या पोराला यूपीआय पिन माहीत आहे त्या घरात हे होणारच, म्हणून पिन आजच बदला. २०१० असा पोराच्या जन्माच्या सालाचा पिन नको, ते पोट्टं पहिला तोच टाकून पाहते.

आता बाकीचं भराभर:

प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टच करा, सेटिंगमध्ये पर्चेस व्हेरिफिकेशन राहते, जुन्या फोनात त्याला रिक्वायर ऑथेंटिकेशन म्हणते. ते नेहमीसाठी चालू ठेवा. फोनपे, गूगल पे, बँकेचं ॲप, गॅलरी यांना ॲप लॉक लावा, बहुतेक फोनमध्ये आतूनच मिळते. लॉक स्क्रीनवर ओटीपी पूर्ण दिसू नये म्हणून नोटिफिकेशनमध्ये जाऊन संवेदनशील मजकूर लपवायचा पर्याय लावा.

लहान लेकराला फक्त गाणं लावून द्यायचं असेल तर ॲप पिनिंग फार कामाचं आहे. सिक्युरिटी सेटिंगमध्ये चालू करायचं, अनपिन करताना पिन मागण्याची खूण करायची, मग यूट्यूब किड्स उघडून ते पिन करायचं. लेकरू त्याच ॲपमध्ये राहते, बाहेर निघता येत नाही, तुम्ही स्वयंपाक करा.

आणि एपीके, म्हणजे प्ले स्टोअर सोडून बाहेरून आलेली ॲपची फाईल. लग्नपत्रिकेचं एपीके, पीएम किसानचं एपीके, गाडीच्या चालानचं एपीके, व्हॉट्सअपवर ओळखीच्याच नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधीच फसलेला राहते. लग्नसराईत तर विचारूच नका. मोठे लोक एकदा तरी विचार करतात, पोरगं सरळ दाबते, इन्स्टॉल, अलाऊ, अलाऊ, झालं. मग ते ॲप तुमचे मेसेज वाचते, म्हणजे ओटीपी वाचते. सेटिंगमध्ये इन्स्टॉल अननोन ॲप्स शोधा आणि व्हॉट्सअप, क्रोम, टेलिग्राम, फाईल मॅनेजर सगळ्यांसमोरचं बंद करा. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, ॲप कधीच नसते. चुकून इन्स्टॉल झालंच तर पहिले फोन फ्लाईट मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा, मग ॲप काढा आणि जमलं तर फोन रिसेट मारा.

३. पोराचा वेगळा फोन असेल तर: खऱ्या वयाचा जीमेल

हा सापळा आमच्याच धंद्यातला आहे. नवीन फोन घेतला की दुकानदार गर्दीत एक जीमेल बनवून देते, जन्मसाल टाकते १९९५ नाहीतर १९९०, म्हणजे पुढे काही अडत नाही. झालं, आता गूगलच्या, इन्स्टाच्या, सगळ्यांच्या लेखी तुमचा तेरा वर्षांचा पोरगा तीस वर्षांचा माणूस. लहानांसाठी जेवढं संरक्षण आहे ते त्याला लागूच होत नाही, जाहिराती मोठ्यांच्या, व्हिडिओ मोठ्यांचे. म्हणून पहिले अकाउंटमधली जन्मतारीख पाहा, खोटी असेल तर नवीन जीमेल बनवा.

१३ वर्षांखालच्या लेकराचं गूगल खातं मायबापाच्या खात्याला जोडूनच बनते, त्यासाठी फॅमिली लिंक नावाचं गूगलचंच फुकट ॲप आहे. आपल्या फोनवर टाका, त्यातून पोराचं खातं बनवा, ते खातं पोराच्या फोनमध्ये लावा. मोठ्या पोराच्या आधीच्या खात्यालाही जोडता येते, पण तिथं त्याचा होकार लागते, त्याच्या फोनवरूनच. चोरून होत नाही आणि करूही नये.

फॅमिली लिंकमध्ये मी तीनच गोष्टी वापरतो. नवीन ॲप टाकायला माझी परवानगी, रात्री दहाला फोन आपोआप लॉक, आणि कोणत्या ॲपवर किती वेळ गेला त्याचा हिशोब. लोकेशनही दिसते, मुलगी एसटीनं ट्युशनला जाते तेव्हा बरं पडते, पण दिवसभर ते उघडून बसू नका, पोरांना कळते आणि मग ते फोनच घरी ठेवून जातात.

अजून एक चांगली गोष्ट आहे, प्रायव्हेट डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनात नेटवर्क सेटिंगमध्ये मिळते. तिथं होस्टनेमच्या जागी इंग्रजीत टाईप करायचं: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर आडवी रेघ डीएनएस डॉट कॉम, मधे जागा सोडायची नाही. यानं अश्लील साईट आणि व्हायरसवाल्या साईट बऱ्याच प्रमाणात उघडतच नाहीत, ॲप टाकायची गरज नाही, पैसे नाहीत. कधी नेट अडकलं तर ते परत ऑटोमॅटिकवर करा. व्हीपीएन, म्हणजे नेटचा रस्ताच बदलणारं ॲप, टाकलेला पोरगा हे ओलांडून जाते, म्हणून ॲपची परवानगी आपल्या हातात पाहिजे. इन्स्टा आणि टेलिग्रामच्या आतलं मात्र याला अडवता येत नाही.

४. यूट्यूब आणि रील

लहान लेकरांना यूट्यूब किड्स. थोड्या मोठ्यांना यूट्यूबमध्ये मोठ्यांचे व्हिडिओ लपवणारा रिस्ट्रिक्टेड मोड, तो शंभर टक्के नाही पण काही नसण्यापेक्षा बरा. बापाच्या खात्यावर पोरगा यूट्यूब पाहत असेल तर ध्यानात ठेवा, बाप जे पाहते तेच पोरासमोर येते. वॉच हिस्टरी पुसून टाका, ऑटोप्ले बंद करा. जेवताना रील बंद, यासाठी सेटिंग नाही, मोठ्यांनी पण फोन ठेवावा लागते, आणि खरं सांगू का, पोरांपेक्षा आबाजींना सांगणं जास्त कठीण जाते.

५. व्हॉट्सअप, इन्स्टा, स्नॅप

व्हॉट्सअपला आपल्या देशात किमान वय १३ आहे. शाळेच्या ग्रुपसाठी पाचवीतल्या पोराचा नंबर देऊ नका, मायबापाचाच द्या. सेटिंगमध्ये प्रायव्हसी उघडा: प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि ग्रुप, तिन्हीला फक्त माय कॉन्टॅक्ट्स. कॉल्समध्ये सायलेन्स अननोन कॉलर्स चालू. अकाउंटमध्ये टू स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन. आणि लिंक्ड डिव्हाइसेस उघडून पाहा, तिथं न ओळखीचा कॉम्प्युटर दिसला तर लॉग आऊट करा. मैत्रिणींच्या भांडणात एकीचं व्हॉट्सअप दुसरीच्या फोनवर जोडून चॅट वाचण्याचे प्रकार शाळेत सर्रास होतात.

इन्स्टाग्रामवर १८ च्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आहे, भारतात २०२५ पासून. खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, आणि १६ च्या आतल्या पोराला हे ढिलं करायचं असेल तर मायबापाची परवानगी लागते. पण हे सगळं खऱ्या जन्मतारखेवर, परत तीच गोष्ट. पोराची दोन खाती असू शकतात, एक घरच्यांना दाखवायचं आणि एक दोस्तांचं. त्यावरून भांडू नका, दुसऱ्यालाही प्रायव्हेट कर एवढं सांगा.

स्नॅपचॅट वापरत असेल तर नकाशात घोस्ट मोड, म्हणजे लोकेशन लपवणं, चालू करायला लावा, लोकेशन दोस्तांना दाखवायचं चालू असेल तर घर कुठं आहे ते यादीतल्या सगळ्यांना दिसू शकते. टेलिग्राममध्ये फोन नंबर कोणालाच न दिसेल असं ठेवा.

याच्यात एक गोष्ट आपल्या मोठ्यांची. चौकात लागणारं वाढदिवसाचं बॅनर, नाव, फोटो, वय सगळं, मग त्याचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला. शाळेच्या ड्रेसमधला फोटो, निकालाची मार्कशीट, त्यावर सीट नंबर आणि आईचं नाव. लेकराशी ओळख काढायला अनोळखी माणसाला अजून काय पाहिजे? आणि झेरॉक्सच्या दुकानात आधार, दाखले व्हॉट्सअपवर पाठवता, माझ्याकडंही पाठवता, काम झालं की समोर उभं राहून डिलीट फॉर एव्हरीवन करा आणि दुकानदाराच्या कॉम्प्युटरवरूनही काढायला लावा. मला राग येत नाही, कोणालाच येऊ नये.

६. गेम, फुकट डायमंड आणि भाड्याचं खातं

गेम वाईट नाही. आमचा पोरगाही खेळते. अडचण गेमच्या आजूबाजूला आहे.

फुकट डायमंड, म्हणजे गेममधले पैसे, देतो म्हणणारी साईट, स्वस्तात टॉपअप करून देणारा कोणी 'भाई', दोघंही एक तर गेमचं लॉगिन घेतात नाहीतर क्यूआर स्कॅन करायला लावतात. पोराला एकच नियम पाठ करवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, रमी असो की क्रिकेटची टीम, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं बंद झाले. तरी बाहेर देशातले ॲप एपीके करून टेलिग्रामवर फिरतातच, पहिले दोनशे जिंकू देतात आणि मग कापसाच्या पट्टीचे पैसे जातात. बंद असलेल्या गोष्टीत पैसे गेले म्हणून पोरगा तक्रारही करत नाही, घरी तर नाहीच नाही.

पण मोठ्या पोरांसाठी मला जास्त भीती वाटते ती भाड्याच्या खात्याची, आणि यावर कोणी बोलतच नाही. अकरावी-बारावी, आयटीआय, कॉलेजची पोरं, स्कॉलरशिपसाठी बँकेत खातं काढलेलं राहते. कोणी ओळखीचा सिनियर म्हणते, तुझं खातं आणि एटीएम दे, सिम पण दे, महिन्याला काही हजार घे, काही करायचं नाही. पोराला वाटते फुकटची कमाई. त्या खात्यात फसवलेल्या लोकांचे पैसे येतात आणि पुढं जातात. काही दिवसांनी खातं गोठते, स्कॉलरशिप अडकते, आणि दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची नोटीस दाराशी येते, नाव तुमच्या पोराचं. मुख्य माणूस सापडत नाही, खातेवाला सापडते. 'लाईक करा पैसे कमवा', 'घरी बसून टास्क' यांचाही शेवट बहुतेक इथंच होते. होस्टेलवर जाणाऱ्या पोराला डब्यासोबत हे सांगून पाठवा: खातं, एटीएम, सिम, आधार, चुलतभाऊ मागत असला तरी द्यायचं नाही.

तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. आपलं नसलेलं सिम तिथंच कळवता येते. पाच मिनिटांचं काम आहे.

७. फोटोवरून ब्लॅकमेल झालं तर

दहावीतला एक पोरगा दुकानात आला, गर्दी कमी होईपर्यंत उगाच कव्हर पाहत उभा राहिला. मग हळूच विचारते, "काका, यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ आपल्याला काढता येते का?" कोणाचा म्हटलं तर गप्प. मग सगळं निघालं. अनोळखी पोरीच्या नावानं रिक्वेस्ट, दोन दिवस गप्पा, व्हिडिओ कॉल, समोरून नंगा व्हिडिओ, याचं तोंड त्यात रेकॉर्ड, आणि लगेच पैसे दे नाहीतर तुझ्या गावच्या ग्रुपवर टाकतो. बापाच्या फोनवरून एकदा पैसे पाठवलेही होते. माझ्याजवळ बोलला कारण मी बाप नव्हतो. त्याच्या वडिलांना बोलावलं, त्याच बाकावर बसून १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर लावला. वडील पहिले उठले होते हात उगारायला, मी मधे पडलो.

मुलींच्या बाबतीत आता वेगळंच सुरू आहे, साध्या फोटोवरून एआयनं खोटा नंगा फोटो बनवते. फोटो खोटा असला तरी गुन्हा खरा आहे, आणि मुलीची चूक काडीचीही नाही.

असं झालं तर क्रमानं हे करा.

पहिले, पैसे देऊ नका, आणि दिले असतील तर पुढचे देऊ नका. एकदा दिले की मागणं वाढतेच. मधेच कोणी पोलीस किंवा सीबीआय अधिकारी बनून फोन करेल, गुन्हा दाखल झाला म्हणेल, तोही त्याच टोळीचा.

दुसरं, चॅट डिलीट करू नका. पोरं घाबरून पहिले हेच करतात. समोरच्याची प्रोफाइल, युजरनेम, नंबर, धमकीचे मेसेज, पैसे पाठवलेला यूपीआय आयडी, यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक आणि रिपोर्ट करा.

तिसरं, आणि हे गावात फार चुकते. लेकराचा तसा फोटो पुरावा म्हणून काकाला, पोलीस पाटलाला, ग्रुपवर, कोणालाच फॉरवर्ड करू नका. १८ च्या आतल्याचा असा फोटो पाठवणं हाच आयटी कायदा कलम ६७ब आणि पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, याखाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी अंगाशी येऊ शकते. तो ज्या फोनमध्ये आहे तिथंच राहू द्या आणि फोन पोलिसांना दाखवा.

चौथं, टेक इट डाऊन नावाची फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची, १८ च्या आतल्यांच्या फोटोसाठी. फोटो तिकडं जात नाही, फोनमध्येच त्याचा एक सांकेतिक आकडा बनते आणि तोच फेसबुक-इन्स्टासारख्या सोबत असलेल्या कंपन्यांना दिला जाते, म्हणजे त्यांच्याकडं कोणी टाकला तर ओळखून काढतात. व्हॉट्सअपवर फिरणारा मात्र यानं थांबत नाही.

पाचवं, तक्रार. ठाण्यात जायची लाज वाटते, मुलीला घेऊन तर जास्तच, म्हणून हे माहीत असू द्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लेकराचा जबाब घरी किंवा त्याला पाहिजे त्या जागी घ्यावा, शक्यतो फौजदार दर्जाच्या किंवा वरच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि वर्दीत नको, असं लिहिलेलं आहे. रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही. नाव, गाव, शाळा छापायला मनाई आहे. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदायचा गुन्हा, असं म्हणा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नवीन फौजदारी संहितेत तसं लिहिलेलंच आहे. आणि गावाची बदनामी म्हणून प्रकरण दाबायला बैठक बसवतात ना, तर पॉक्सोचा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे, हे त्या बैठकीत मोठ्यानं सांगा.

त्या दिवसांत पोराला एकटं सोडू नका. झोपत नाही, जेवत नाही, मरायच्या गोष्टी करते, तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावा, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात.

८. रोजचं बोलणं

"काहून बे, दिवसभर फोनच!" हे म्हटलं की बोलणं तिथंच संपते. त्याऐवजी दाखव बरं तुझा गेम, याला कसं मारायचं, असं विचारा, पोरगं अर्धा तास सांगत बसते आणि कोणासोबत खेळते तेही सांगून जाते. कोणावर लक्ष ठेवायचं ते तिथंच कळते: ज्याला कोणी पाहिलं नाही, जो गिफ्ट किंवा रिचार्ज देते, आणि जो म्हणते घरी सांगू नको. मुलगी अचानक फोन उलटा ठेवायला लागली, पोरगा पैशाची चोरी करायला लागला, शाळेत जायला नाही म्हणायला लागला, तर आधी विचारा, फोन तपासणं नंतर.

पासवर्ड मायबापाला माहीत असावा का? लहानांचा हो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा माझ्या मते वहीत लिहून बंद पाकिटात ठेवावा, अडचण आली तरच उघडायचा. काही जणांना हे पटत नाही, ज्याचं त्यानं पाहावं.

९. तक्रार कुठं आणि कशी

हे वहीत लिहून घ्या:

- १९३०: सायबर फसवणूक, पैसे गेले तर सगळ्यात आधी. जितक्या लवकर फोन तितकी पैसे मधे अडवण्याची शक्यता जास्त
- सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन: सरकारी पोर्टल. लेकरांच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते
- १०९८: चाइल्ड हेल्पलाइन, पोरगं स्वतःही लावू शकते
- ११२: तातडीची पोलीस मदत
- १४४१६: टेली मानस

१९३० ला फोन करताना हाताशी ठेवा: खाते नंबर, पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, रक्कम, यूपीआयचा बारा अंकी व्यवहार नंबर आणि समोरच्याचा आयडी. लाईन लागत नसेल तर पोर्टलवर भरा. बँकेला वेगळं कळवायचंच, नंबर गूगलवर शोधू नका, तिथं खोटे कस्टमर केअर बसलेले राहतात, पासबुकावरचा घ्या.

तक्रार झाली की एक पावती नंबर मेसेजमध्ये येते. तो वहीत लिहा, त्याची झेरॉक्स, स्क्रीनशॉटची प्रिंट आणि आधार घेऊन तालुक्याच्या ठाण्यात जा, जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलीस ठाणं आहे तिथंही चालते. ठाण्यात अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या. पावती नंबर आला नाही तर तक्रार नोंदली गेली असं धरू नका, परत लावा.